बॅगेत बॅग कायले?

अमरावतीला परत येताना माझी खात्री होती की वर्षभरात आमच्या खोलीत ऑर्डरींची थप्पी लागेल. थप्पी लागली, पण किश्श्यांची! धंदा मंदा असला की किस्से जोरात येतात, हे आम्हाला डिझाइनच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

मी अहमदाबादला शिकले, मग बेंगलोरला नोकरी केली. तिथे एका मैत्रिणीच्या बॅगेत कपडे लावायचे हलके पाऊच पाहिले. एकात शर्ट, एकात कुर्ते, एकात आतले कपडे. झिप लावायची, बॅगेत विटांसारखे रचायचे, पाहिजे तो कपडा लगेच हातात! पण सगळे नायलॉनचे आणि बाहेरदेशातून आलेले. माझं डोकंच फिरलं. कापूस आम्ही पिकवायचा आणि पाऊच मात्र नायलॉनचे? वऱ्हाडच्या कापसाचा पाऊच वऱ्हाडातच शिवायचा, असं ठरवून मी राजापेठेत, एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली. दोन मशिनी आणि दोन शिवणाऱ्या: शोभाकाकू आणि शबाना आपा. दोघींची शिलाई सरळ, बोलणं त्याहून सरळ!

बाबांनी अट घातली. "दिवाळीपर्यंत कर तुले जे कराचं ते. नाई जमलं तं चुपचाप बेंगलोर." बेंगलोरच्या ऑफिसनंही माझी जागा तोवर रिकामी ठेवली होती. म्हणजे पाऊच खपले तर मी इथे, नाही तर तिथे.

* * *

पहिल्या दिवशी मी दोघींना नमुना दाखवला. वीस मिनिटं बोलले. प्रवास कसा हलका असावा, माणसानं कमी सामानात कसं जगावं, वगैरे. शोभाकाकूंनी पाऊच उलटा केला, सुलटा केला.

"हे बॅगेत ठेवाचं?"

"हो."

"म्हणजे बॅगेत बॅग?"

"हो!"

"मंग त्या मोठ्या बॅगेनं काय पाप केलं?"

शबाना आपांनी मात्र माझी बाजू घेतली. म्हणाल्या, "ऐसा मत बोलो शोभा, पढ़ी-लिखी लड़की है. इसके अंदर रखने को और एक छोटा बना देते, तो उसका दिल रह जाएगा!"

* * *

पाऊचला वरच्या बाजूनं जाळीची खिडकी असते. आत काय आहे ते न उघडता दिसावं म्हणून. हे डिझाइन मी मोठ्या अभिमानानं समजावलं, आणि एका एक्झिबिशनच्या मीटिंगसाठी अकोल्याला गेले.

संध्याकाळी येऊन पाहते तर सगळ्या पाऊचच्या खिडक्यांना आतून कापड शिवलेलं! मापात, नीट दुमडून, कुठे सुरकुती नाही.

"काकू, हे काय?"

"पडदा."

"पण आतलं दिसायला नको?"

"कोणाले?" शोभाकाकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "बस स्टँडवर बॅग उघडली, तं साऱ्या अमरावतीले आपला परकर दाखवाचा काय?"

मी म्हणाले, "अहो, मग जाळी कशाला लावली?"

"तूनंच सांगतली ना लावाले!"

ते पाऊच मी तसेच विकायला ठेवले. आणि खरं सांगते, आमचे जे थोडेफार पाऊच खपले, ते पडदेवालेच!

* * *

अकोल्याच्या एक्झिबिशनमध्ये आमचा स्टॉल लागला. मी सुती साडी नेसून, 'आपला कापूस, आपला पाऊच' असा बोर्ड लावून उभी. एक काकू आल्या. पाऊच हातात घेतला, झिप उघडली, आत हात घालून चाचपलं. दुसरा उघडला. तिसरा उघडला.

"काही शोधताय का?" मी विचारलं.

"साडी कुठी हाय?"

"साडी नाही, फक्त पाऊच आहे."

काकूंनी मागे वळून नवऱ्याला हाक मारली. "अवो, इकडे या! सारे लोकं साडी विकतेत अन् पाऊच फुकट देतेत. हे पोरगी पाऊच विकून राहिली!" मग माझ्याकडे वळून अगदी मायेनं म्हणाल्या, "मंग याच्यावर साडी फुकट देतं काय?"

दिवसभरात हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारला, की शेवटी शबाना आपा स्टॉलवर बसल्याबसल्या येणाऱ्यांना आधीच सांगायला लागल्या, "साड़ी नहीं है बहन, आगे बढ़ो!"

* * *

आमचं पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे धामणगावची माझी आत्या. तिचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे, त्याच्याकडे ती जाणार होती. मी स्वतः जाऊन तिची बॅग भरून दिली. साड्या गुंडाळून पाऊचमध्ये, टॉवेल-चादर दुसऱ्यात. गच्च भरणारी बॅग अर्धी रिकामी! आत्या पाहतच राहिली.

"बाई बाई बाई! एवढी जागा?"

"बघ आत्या," मला तर भरून आलं होतं, "माणसाला किती कमी लागतं!"

मी निघाले आणि दोन दिवसांनी आत्याचा बडनेरा स्टेशनवरून फोन. आवाज चढलेला.

"गौरी! तुया पाऊचनं माह्या बॅगेची मूठ तुटली!"

"पाऊचनं? ते तर हलके असतात गं."

"हलकेच हायेत! म्हणून तं जागा झाली. जागा झाली म्हणून तूरडाळ बसली. डाळीच्या वर ज्वारी बसली. बाजूनं पापड, सांडगे, अन् लोणच्याची बरणी. आता तुया फुफाजीले बॅग उचलनं होऊन नाई राहिली!"

मी म्हणाले, "आत्या, जागा रिकामी ठेवायची असते."

आत्या म्हणाली, "पोराकडे रिकामी जागा घेऊन जाऊ?"

* * *

बाळापूरला शबाना आपांच्या भाच्याचं लग्न ठरलं. आपांनी अख्ख्या खानदानाला आमचे पाऊच घ्यायला लावले. आमच्या इतिहासातली सगळ्यात मोठी ऑर्डर! मी आनंदानं विचारलं, प्रत्येकाचा रंग वेगळा ठेवू या का? आपा दुखावल्या. "शादी का घर है बेटा. सबका मॅचिंग होना."

सगळ्यांचे पाऊच एकसारखे हिरवे.

लग्नघरात ते सगळे एका पलंगावर पडले, आणि नवरदेवाच्या शेरवानीबरोबरच्या पायजम्याचा पाऊच त्याच्या मोठ्या मामूंच्या पाऊचशी बदलला. मामूंच्या घेरात दोन नवरदेव बसतील. बरं, मामू नवरदेवाचा पायजमा घेऊन हार-फुलं आणायला गेलेले, फोन घरीच. काझीसाहेब येऊन बसले. नवरदेव मामूंचा पायजमा घालून, शेरवानीखाली एका हातानं नाडा आवळून बसला.

काझीसाहेबांनी विचारायचा अवकाश, पोरानं एका दमात म्हणून टाकलं, "कबूल है, कबूल है, कबूल है!"

काझीसाहेब हसले. "मियाँ, इतनी जल्दी काहे की?"

"हज़रत," भाचा कळवळून म्हणाला, "आप जल्दी करो, नाड़ा हाथ में है!"

* * *

असं सगळं होता होता दिवाळी आली आणि गेली. कपाटात पाऊच तसेच. बेंगलोरहून निरोप आला, सोमवारी सकाळपर्यंत काय ते कळवा. मी दोघींना चहा पाजला आणि सांगितलं, खोली बंद करावी लागणार.

शबाना आपांनी मशीनवरचा दोरा तोडला. शोभाकाकू म्हणाल्या, "बंद करजो ना. पण एक डाव आमाले वापरून तं पाहू दे. एवढे शिवले, पण आमी कुठी गेलो?"

खरंच की! मग ठरलं. दोघींना एकेक सेट दिला, आणि रविवारी भाड्याच्या गाडीनं आम्ही तिघी चिखलदऱ्याला निघालो. रात्रीचा एकच मुक्काम, सोमवारी सकाळी त्याच गाडीवाल्यानं न्यायला यायचं.

खोलीत पोचल्यावर शबाना आपांनी बॅग उघडली. पाऊच रांगेत, एकाला एक चिकटून, जणू जाहिरातीचा फोटो. मग शोभाकाकूंनी त्यांची बॅग काढली. बॅग कसली, साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी! आत एक साडी, एक टॉवेल, कंगवा.

"काकू! सेट कुठे आहे?"

"घरी."

"घरी? अहो, वापरून पाहायचा होता ना?"

"वापरला ना!"

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांचे यजमान धान्याच्या मार्केटमध्ये नोकरीला. काकूंनी स्पीकरवर टाकला, कारण त्या वेणी घालत होत्या.

"कावं, माही बनियान कुठी हाय?"

"लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात. तुमच्या नावाचा पाऊच. एक मार्केटचा, एक घरचा. पोराचा शाळेचा वेगळा, तुमच्या बाबाचा वेगळा. साऱ्यावर नाव टाकलं."

खुडखुड आवाज.

"भेटला. हे झिप कुठून उघडते?"

"जिथून बंद होते तिथूनच!"

परत खुडखुड. मग यजमानांचा आवाज, थोडा घाबरलेलाच. "भेटली."

"घाला मंग."

शोभाकाकूंनी फोन ठेवला आणि वेणीला रबर लावलं. "माहेरी गेली का दुसऱ्याच दिवशी हाच फोन येते. बनियान नाई भेटत, ये. मोजे नाई भेटत, ये. लगन झाल्यापासून पहिल्या डाव माणसाले सोताची बनियान सोता भेटली बाप्पा!"

शबाना आपा हसता हसता पलंगावर आडव्या झाल्या.

आम्ही दरीच्या कडेला चहा घेत होतो तेव्हा परत फोन वाजला. काकूंची शेजारीण. हिचा आवाज इतका मोठा की स्पीकरची गरजच नव्हती.

"शोभे, तुया घरी भाऊजींनं कपाटातून सोता कपडे काढले म्हणते! खरं हाय काय?"

"हाव."

"तू कुठी हायस मंग?"

"चिखलदऱ्याले. चहा पिऊन राहिली."

शेजारीण हळूच म्हणाली, "मले बी देजो वो तो सेट. माह्या माणसाच्या नावाचा. अन् माही नणंद बी मांगून राहिली. अन् कोपऱ्यावरच्या वहिनी."

शबाना आपांनी बशीतला चहा संपवला. "और एक मेरी बहन का लिखो. बड़ा साइज़. उसका आदमी तो चश्मा भी नहीं ढूँढ पाता."

शोभाकाकू माझ्याकडे पाहत होत्या. मी दरीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी झोपेत असताना मी बाहेर येऊन बेंगलोरला कळवलं, येत नाही. मग गाडीवाल्याला फोन लावला.

"भाऊ, निघाले काय?"

"निघूनच राहिलो, मॅडम."

"आज नका येऊ," मी म्हणाले. "उद्या या."