जुन्या पत्त्यांवरचे बाण

पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या आईच्या तीन खोल्यांची वेबसाइट मी एकटीनं बनवली. लोणावळ्याजवळच्या गडाच्या पायथ्याशी आमचं घर, आणि तिथं राहायची सोय कुणी नेटवर शोधली की पहिलं नाव आमचं यायचं. उगाच नाही. सात वर्षं एकेका वाटेवर, एकेका जेवणावर पानं लिहीत बसले होते मी. त्या पाहुण्यांच्या जिवावर आईनं नवलाख उंबरे गावच्या कारखान्यातलं कॅन्टीनचं काम सोडलं होतं.

मग वेबसाइटवरच बुकिंग घ्यायचं ठरलं. साध्या एचटीएमएल पानांना ते झेपेना, म्हणून ती पीएचपीत नेली. म्हणजे प्रत्येक पानाच्या पत्त्याचं शेपूट बदललं, .html चं .php झालं, आणि सर्चला ठाऊक होते ते जुनेच पत्ते. काय करावं ते विचारायला पुण्यातल्या एका वेबसाइट-तज्ज्ञाला फोन केला.

"जुनी पानं उडवा, मॅडम. सर्चमध्ये थोडं खाली जाल, मग याल वर हळूहळू."

थोडं खाली! याच्या बापाचं काय जातंय? आमचे गर्दीचे महिने हातचे जातील आणि आई पुन्हा पहाटे कंपनीच्या बसला उभी राहील. "नाही जाणार खाली," म्हटलं आणि फोन ठेवला.

पानं उडवली नाहीत, पण अतिशहाणपणा केलाच. सगळे जुने पत्ते एका फटक्यात मुख्य पानाकडे वळवले आणि मोठ्या तोऱ्यात आबांना दाखवलं. आबा म्हणजे माझे वडील, गडावर येणाऱ्यांना वाटा दाखवतात. दरड पडून वाट मोडली की जुन्या फाट्यावरच्या दगडावर ते चुन्यानं बाण काढतात, नव्या वाटेकडं. त्यांनी गडाच्या वाटेचं जुनं पान उघडायला सांगितलं. उघडला आमच्या घराचा फोटो.

"गडावर निगालेल्या माणसाला तू घरी धाडतीस व्हय?" आबा म्हणाले. "त्याला वाट पायजे, खोली न्हाई. आमी फाट्याफाट्याला येगळा बाण काढतो."

लय झोंबलं. खरं होतं म्हणूनच झोंबलं.

सकाळी उठून पुन्हा बसले. वाटेचं जुनं पान वाटेच्या नव्या पानाकडे, पिठल्याचं पिठल्याकडे. एकेक पत्ता हातानं जोडला, जुन्या पत्त्यावर येणाऱ्या सर्चला 'हे पान कायमचं इकडं हललंय' असा निरोप सर्व्हरला द्यायला लावला. पानापानांतले जुने दुवेही बदलले. आठवडाभर आम्ही सर्चमध्ये एक पायरी घसरलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिले.

परवा त्याच तज्ज्ञाचा फोन; मी काय केलंय ते त्यानं आमच्या वेबसाइटवर पाहिलं होतं. आता एवढे दिवस झाले, जुन्या पत्त्यांवरची ती वळणं म्हणजे नुसता कचरा, काढून टाका म्हणे. आई शेजारीच भाकरी थापत होती, फोन स्पीकरवर होता. मी तोंड उघडायच्या आत पिठाच्या हातानंच तिनं फोन जवळ ओढला.

"न्हाई काढून टाकायचे ते बाण," आई त्याला म्हणाली. "मला न्हाई परत त्या बसला उभं ऱ्हायचं."