उतरंड पडली तेव्हा

मुलीच्या मेडिकलच्या क्लाससाठी आम्ही मायलेकी लातुरात एका खोलीत राहायचो. नवरा नोकरीपायी लोह्यालाच. खोली माडीवर, रस्त्याच्या अंगाला. गणपतीत खाली डीजे लागला की खिडकीच्या काचा थरथरायच्या. मुलगी माझ्यापेक्षा शहाणी. औषधाच्या दुकानातून फोमची बुचं आणून तिनं कानात घातली, खिडकी लावली आणि अभ्यासाला बसली.

मला ती बुचं बघवायची नाहीत. भूकंपात आमच्या घराचं माळवद, म्हणजे मातीचं छत, खाली बसलं तेव्हा मी शाळकरी होते. पुढं पत्र्याच्या शेडात आई रोज उशाशी भांड्यांची उतरंड लावायची. पालथ्या हंड्यावर तांब्या, तांब्यावर पेला, वर वाटी. जमीन हलली की भांडी पडणार आणि त्या आवाजानं आपण उठून बाहेर पळणार. आई गेली, पण तिची उतरंड मी लातूरच्या खोलीतही रचत होते.

"कान बुजवून बसतीस, भांडी पडली तर कळंल का तुला?" मी म्हणायचे.

"तू हायस ना," ती म्हणायची.

विसर्जनाला माझा जीव थाऱ्यावर नसतो. भूकंप त्याच रात्री आला होता. म्हणून त्या दिवशी मी सकाळीच उतरंड रचून ठेवली. संध्याकाळी मिरवणूक खिडकीखाली आली आणि सगळी भांडी धाडकन कोसळली. डीजेनं पडली, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला नाही कळलं. मी ओरडत मुलीला अभ्यासावरून उठवलं, तिला ऐकू येईना म्हणून कानातली बुचं उपसून फेकली आणि ओढत जिन्यानं मोकळ्यात नेलं.

मोकळं म्हणजे रस्ता. समोर ट्रकवर स्पीकरची भिंत, मागं गर्दी, हलायला जागा नाही. ती मान हलवून, रडून मला वर चल म्हणत होती. मी तिचे दोन्ही हात गच्च धरले होते. तिला कानांवर हातसुद्धा ठेवता आले नाहीत.

आगीतून फुफाट्यात म्हणतात. इथं तर आगच नव्हती.

त्या रात्रीपासून तिच्या कानात शिट्टी वाजायला लागली, ती काही थांबली नाही. डॉक्टर म्हणाले, डाव्या कानाची नस दुखावली, तो आता फारसा सुधारायचा नाही. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मलाच हलकं वाटलं असतं.

उतरंड मी बंद केली. परवा झोपताना तिनंच विचारलं, "आई, भांडी का रचत न्हाईस?"

मी तिचं पांघरूण सारखं केलं. ती हसून म्हणाली, "रच की. मी उजव्या कुशीवर झोपले तर मला ऐकू यायचं न्हाई, पण तू हायस ना."

त्या दिवशीही मीच होते.