पत्र्यावरच्या तपकिरी काचा

प्रयोगशाळेत माझ्या मिश्रणाला सगळे चहा म्हणायचे. रंगच तसा होता, तपकिरी आणि जरा मळका. "काय, झाला का तुझा चहा?" असं कुणी विचारलं की मी वरवर हसायचे आणि आत धुमसायचे. मला राग पटकन येतो आणि उतरायला भलताच वेळ लागतो. शेजारच्या टेबलावर माझ्याबरोबर पीएचडी करणाऱ्या मुलाचं मिश्रण होतं सुरेख निळं. पाहुणे आले की सर त्यालाच काच दाखवायला सांगत.

सौरपेशी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे छतावरचं जड पॅनेल येतं. आमचं काम वेगळं. कार्बनी पदार्थांची शाई करायची आणि काचेवर तिचा डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका पातळ थर द्यायचा. त्या शाईत दोन पदार्थ असतात. उजेड पडला की एक इलेक्ट्रॉन देतो आणि दुसरा घेतो. दोघं एकमेकांत नीट मिसळून राहिले तरच वीज मिळते. देणाऱ्या पदार्थाला घेणारा शोधायचा, म्हणजे स्थळं बघण्याचाच उद्योग. कागदावर छत्तीस गुण जुळतात आणि काचेवर दोघांचं पटत नाही. अशी कितीतरी स्थळं मोडल्यावर मला माझं तपकिरी मिश्रण सापडलं होतं.

त्या वर्षी मोठी, गुंडाळता येईल अशी पट्टी बनवायची ठरली. सामान एकाच पट्टीपुरतं होतं, म्हणजे दोघांपैकी एकच मिश्रण पुढे जाणार होतं. निळं जास्त वीज द्यायचं, आणि सरांचं मन त्याच्यावरच बसलं होतं. निळं निवडलं गेलं असतं तर माझं सगळं काम कचऱ्याच्या डब्यात आणि प्रबंध पुन्हा पहिल्यापासून.

मी सरांना म्हटलं, "निळं पहिल्या दिवशी जास्त देतं. पण इथे एसीत दिव्याखाली बसून कुणीही टिकेल. उन्हाळ्यात टिकतं का ते बघू."

"कुठे बघणार?"

"आमच्या गावी. मे महिन्यात."

सर हसले, पण हो म्हणाले.

शिरड शहापूरच्या आमच्या घरामागे मेंढरांचा गोठा आहे. त्याचा पत्रा इतका खाली उतरलेला आहे की उभ्यानं हात पोचतो. उन्हाळ्यात त्या पत्र्याला चुकून हात लागला तर माणूस ओरडतोच. मला हवी होती तशीच जागा. एका फळीवर निळ्या काचा चिकटवल्या, दुसरीवर तपकिरी, आणि दोन्ही फळ्या पत्र्यावर बांधल्या. घरच्यांना एकच ताकीद दिली की काचांना कुणी हात लावायचा नाही. कोणत्या काचा कुणाच्या, हे सांगायच्या भानगडीत मी पडले नाही.

दिवसभर मी वसमतला कॉलेजात परीक्षेच्या पहाऱ्याला जायचे. संध्याकाळी बसनं परत आले की फळ्या उतरवून आतल्या खोलीत न्यायच्या, एका ठरलेल्या दिव्याखाली प्रत्येक काचेची वीज मीटरवर मोजायची आणि पुन्हा पत्र्यावर बांधायच्या. पहिला आठवडाभर निळ्या काचा ऐटीत होत्या. नंतर त्या खाली यायला लागल्या. पुढे तर अशा घसरल्या की मला मीटरचाच संशय आला. तपकिरी काचा सुरुवातीला थोड्या उतरल्या आणि मग जागच्या हलल्या नाहीत. मी रोज जेवताना मनातल्या मनात सरांपुढे भाषण करायचे. भाषण रोज लांबत होतं.

एक दिवस पेपर पुढे ढकलला गेला आणि मी भर दुपारी घरी आले. मागे जाऊन बघते तर गोठ्याच्या पत्र्यावर डालगं पालथं घातलेलं. डालगं म्हणजे बांबूचं मोठं टोपलं. आमच्याकडे नवी कोकरं त्याखाली झाकून ठेवतात. माझ्या एका फळीवर डालगं! म्हणजे निम्म्या काचा सावलीत आणि निम्म्या उन्हात. अशा तुलनेला कुत्रंसुद्धा विचारत नाही. उन्हाळा वाया, प्रबंध वाया, भाषणही वाया.

आमची मेंढरं सांभाळते ती माझी आत्या. ती सावलीत लोकर निवडत बसली होती.

"आत्या, हे डालगं कुणी घातलं?" मी किंचाळलेच.

"म्या घातलं. काहून?"

"हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना!"

"हात कुठं लावला म्या? नुसतं झाकलं. दुपारचं ऊन कसं पडून राहिलंय बघ की. तू जातीस वसमतला आन् हितं तुजी मेहनत भाजून जायली. रोज बारा वाजले की झाकते आन् ऊन कललं की काढते बराबर."

"रोज?"

"पहिल्या दिसापासून. वरडू नको. कोकरं बुजायली."

तिरीमिरीत जाऊन मी ते डालगं उचललं आणि बाजूला फेकलं.

खाली निळ्या काचा होत्या.

मेंदूला जरा वेळ लागला. दुपारभर सावलीत बसल्या होत्या त्या निळ्या. आणि पहिल्या दिवसापासून रणरणत्या उन्हात होत्या त्या माझ्या तपकिरी. निळ्यांचे एवढे लाड होऊनही त्या गेल्या होत्या आणि माझ्या ठणठणीत होत्या! मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. डालग्यानं उजेड अडवला होता, पण पत्रा खालून तापतच होता. निळ्यांना उजेडानं मारलं नव्हतं. त्यांना मारलं होतं उष्णतेनं. मी आत्याला मिठी मारली. तिला वाटलं, उन्हानं पोरगी बिघडली. तिनं मला ओढत आत नेलं आणि डोक्यावर पाणी थापलं.

परत गेल्यावर मी सरांना डालग्यासकट सगळं सांगितलं. सरांनी दोन्ही मिश्रणांच्या ताज्या काचा अंधारात गरम तव्यावर ठेवायला लावल्या. निळ्यांतले दोन पदार्थ उष्णतेनं एकमेकांपासून फुटून वेगळे झाले. माझे एकत्र राहिले. मिश्रण निवडायच्या अंतिम बैठकीला बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "तुमच्या तपकिरी नमुन्यांची तिकडे काही खास काळजी घेतली होती का?"

"नाही सर," मी म्हटलं. "आमच्या घरी खास काळजी फक्त निळ्यांची घेतली."

सगळी खोली हसली. सर्वांत मोठ्यानं हसला तो निळ्या मिश्रणाचा मालक, आणि त्याबद्दल मला तो कायमचा आवडून गेला. सर उठले आणि म्हणाले, "पट्टी तपकिरीची करा." चहा हा शब्द त्यानंतर त्या प्रयोगशाळेत फक्त चहासाठीच वापरला गेला.

मी धावत बाहेर आले आणि घरी फोन लावला. आत्यानंच उचलला.

"आत्या, जिंकले मी! माझंच घेतलं!"

"मला ठाऊकच व्हतं. जपले व्हते की म्या. ते निळे तुकडेच घेतले ना?"

"न्हाई गं. निळे दुसऱ्याचे. माझे ते दुसरे, तपकिरी."



"ते मळके तुजे व्हते?" आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज रडवेला झाला. "मंग आदी काहून न्हाई सांगितलं, पोरी? म्या तुजेच झाकले असते की."