लाल पेन आणि डबा

कॉलेजमधल्या मुलांची मनं खचू नयेत म्हणून काय करता येईल, हे आम्ही शोधतोय. महिनाभर खपून केलेली प्रश्नावली मी त्या मुलांपुढेच ठेवली आणि हातात लाल पेनं दिली. म्हटलं, "बिनधास्त खोडा."

त्यांनी खरंच खोडलं! 'आपणास एकाकी वाटते का?' या माझ्या लाडक्या प्रश्नावर सायलीने आडवी रेघ मारली. "मॅडम, याला सगळे 'नाही'च लिहिणार." खाली तिने लिहिलं, 'डबा कुणाबरोबर खाता?'

माझा पेपर लालेलाल झाला होता आणि मला हसू आवरत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन मी नेहमीसारखी माझ्या केबिनकडे निघाले. सायलीने पाहिलं, आणि बाकावर सरकून जागा केली.