नाल्यापाशी संपलेला कागद

आमच्या गणना कचेरीत नकाशे आखणाऱ्याला सगळे फूटपट्टी म्हणत. माणूस तसाच होता, उंच, सडसडीत आणि कुणापुढे तसूभरही न वाकणारा. माझं टेबल त्याच्या शेजारी, त्यामुळे बावीस वर्षं त्याचा तिरसटपणा मीच सोसला.

त्या वर्षी वरून हुकूम आला, जगात कुठली शहरं किती वेगाने वाढतात त्याचा तक्ता करा. आठ दिवस खपून त्याने तो केला. आफ्रिकेची पट्टी सगळ्यांत लांब, तिच्यामागे आशियाची, युरोपची जेमतेम नखाएवढी. शेवटी आमच्या शहराची, तीही युरोपच्या शेजारी शोभेल अशी.

साहेब खूश झाले. "बघा, आपल्याकडे गर्दी आटोक्यात आहे," ते म्हणाले. वाढ नाही तेव्हा नव्या नळांची गरज नाही, असं त्यांनी वर कळवूनही टाकलं.

फूटपट्टीचा चेहरा उतरला. आपली पट्टी आखूड का, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी शहराची हद्द त्यानेच आखली होती. आखता आखता कागद नाल्यापाशी संपला. पुढचा कागद जोडायचा तर कोठीकडे अर्ज करा, त्यावर तीन सह्या आणा. पलीकडे तेव्हा चाळीसेक खोपटी होती. "तिकडे कोण राहायला जातंय," म्हणून त्याने कागदाच्या कडेनेच रेष मारली. ती शाई लवकर वाळावी म्हणून पंखा मीच लावला होता, तेव्हा मलाही हात झटकता येत नाहीत.

राहायला गेली ती त्याचीच धाकटी बहीण. गावाकडची गिरणी बंद पडली आणि माणसांचे लोंढे तिथे आले. आता तीस हजार झाली. शहर म्हणतं आमची नाहीत, शेजारचं गाव म्हणतं आमची नाहीत. मोजायला कुणी गेलं नाही, मग नळ कुठला जायला? पाणी नाल्याकाठच्या खड्ड्यातलं.

दर रविवारी ती त्याला विचारायची, "दादा, रेष कधी सरकवतोस? नातीचं पोट सारखं बिघडतंय रे."

तक्ता लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढे उभा राहिला. मी त्याला प्रथमच वाकलेलं पाहिलं.

"साहेब, चूक माझी आहे. एक कागद जोडू द्या."

"रेष हलवली तर मागच्या गणतीशी तुलना कशी करायची?" साहेब म्हणाले. "पुढच्या वेळी बघू."

पुढची वेळ म्हणजे दहा वर्षं.

बहीण तीन आठवड्यांत गेली. जुलाब, उलट्या, दोन दिवसांत खेळ आटोपला. मला साहेबांचा राग आला, त्याचा आला आणि माझा स्वतःचा तर फारच आला.

मृत्यूचा दाखला काढायला मी त्याच्याबरोबर गेले. खिडकीतल्या कारकुनाने पत्ता वाचून मान हलवली.

"हे आमच्या हद्दीत येत नाही."

"गावच्या दप्तरातही येत नाही. आधी तिथेच जाऊन आलोय."

"मग मी काय करू, काका?" त्याने नकाशा पुढे सरकवला आणि नाल्यापाशी बोट ठेवलं. "ही बघा हद्द. ज्याने आखली त्याला जाऊन विचारा."

खाली कोपऱ्यात सही होती. फूटपट्टीने तिच्यावर बोट ठेवलं.

"मीच आखली," तो म्हणाला. "आता माझ्या बहिणीला कुठे लिहायचं, तेवढं सांगा."

कारकुनाने नकाशाची घडी घातली आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलावलं.