रॅम्प कोणाच्या दारात?

सांगायला लाज वाटते, पण तुम्ही घरचेच म्हणून सांगतो. आयुष्यभर मी कचेरीत कारकुनी केली आणि माझा एकही मसुदा साहेबानं कधी परत पाठवला नाही. त्याची शिक्षा निवृत्तीनंतर मिळाली.

आमच्या तारनाक्याला नवा उड्डाणपूल मंजूर झाला. शहर वाढलं, गाड्या वाढल्या, तेव्हा पूल हवाच, यावर कॉलनीत एकमत. तो दुसऱ्याच्या दारात उतरावा, यावरही एकमत. नकाशा लागला तेव्हा पुलाचा रॅम्प नेमका आमच्या गल्लीत. आमची कुंपणाची भिंत आणि पुढची खोली लाल रेघेच्या आत.

"अहो, याच खोलीत तुम्ही दिवसभर पेपर वाचता," बायको म्हणाली. "आता कुठं बसाल? पुलावर?"

मी हरकतीचा अर्ज लिहिला. नुसतं 'नको' लिहिणं आमच्या हाताला जमत नाही. हरकतीखाली पर्याय सुचवायचा, ही कचेरीची शिस्त. नकाशावरचे प्लॉट नंबर पाहून मी रॅम्प दुसरीकडून नेला आणि तिथंच तो कसा शोभेल याचे सात मुद्दे मांडले.

तुम्हाला वाटतं, असे अर्ज कुणी वाचतं? मलाही वाटत नव्हतं. पण महिन्याभरात एक तरुण इंजिनिअर घरी आला.

"क्या लिखे जी अंकल आप. साब एकदम खूश. नक्शाच बदल दिए."

मी पेढ्यांचा पुडा घेऊन लेकीच्या सासरी गेलो. तीन गल्ल्या पलीकडे. व्याही फाटकातच उभे होते, हातात नोटीस. तेव्हा कळलं, माझ्या नंबरांपैकी एक त्यांचा. नंबरांना नातेवाईक असतात, हे कारकुनाच्या कधी ध्यानात येत नाही.

"अण्णा, कोण्या येड्यानं सुचवलं असंल हो हे?"

"कुणास ठाऊक," मी म्हणालो. पुडा पिशवीतच राहू दिला.

"बरं झालं आलात. तुमच्यासारखं लिहिणारं हितं कोण हाय? एक झकास हरकत लिहून द्या. सही मी करतो."

मुलीचा बाप व्याह्यांना नाही कसं म्हणणार? त्यातून लेक दारातून माझ्याकडे बघत होती. शाळेच्या रजेच्या अर्जापासून तिला माझी भाषा पाठ आहे. नोटिशीसोबत, सुचवणाऱ्याचं नाव झाकून, रॅम्प हलवण्याची सूचना जोडली होती, ती तिनं वाचली होती.

ठरवलं, अर्ज ढिला लिहायचा. मुद्दे विस्कळीत, एखादी तारीख चुकीची. पहिलं वाक्य तसं लिहिलंही. मग ते बघवेना, म्हणून सुधारलं. मग दुसरं सुधारलं. संध्याकाळपर्यंत माझ्या सात मुद्द्यांना अकरा मुद्द्यांचं उत्तर तयार. 'सदर सूचना अभ्यासशून्य व स्वार्थप्रेरित आहे,' हेही त्यात घातलं. त्याशिवाय अर्जाला वजन येत नव्हतं.

काही दिवसांनी तोच इंजिनिअर आला. या वेळी टेप घेऊन.

"सॉरी अंकल. उधर के साब ऐसा जवाब लिखे, ऑफिस में सब चुप हो गए. पुराना नक्शा पास." आणि त्यानं आमच्या भिंतीवर लाल फुली मारली.

"अहो, बघत काय बसलात?" बायको म्हणाली. "तुम्ही एवढे लिहिणारे. द्या की त्याला उत्तर."

दोन दिवस कागद पुढे घेऊन बसलो. मुद्दा अन् मुद्दा तपासला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"त्या अर्जाला उत्तर नाही गं," मी म्हणालो. "फार चांगला लिहिलाय."