ध्वनीच्या तासाला आलेली मेंढरं

नव्वदच्या दशकात बारामतीहून इंदापूरकडं जाताना लागणाऱ्या एका गावच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागलो. माझा आवाज एवढा दणदणीत, की मी आठवीला प्रश्न विचारला की भिंतीपलीकडून सहावी उत्तर द्यायची. पण नोकरी कायम व्हायची तर तालुक्याच्या शिक्षणखात्यातल्या साहेबांनी येऊन माझा एक तास पाहायचा आणि चांगला शेरा लिहायचा, अशी अट होती. शेरा वाकडा गेला तर मी घरी, वडिलांच्या उसात, पाण्याची बारी धरायला.

मी विषय निवडला 'आपण बोलतो कसे'. फुप्फुसं म्हणजे भाता, गळ्यात थरथरणाऱ्या दोन पट्ट्या, आणि त्या थरथरीला घुमवणारं तोंड. पट्ट्या दाखवायला एक लाल फुगा आणला होता. फुगवायचा, तोंड दोन बोटांत ताणायचं, की तो असा किंचाळतो की विचारू नका. आदल्या दिवशी त्याच्यावर इतका सराव केला, की घरच्यांनी मला गोठ्यात पाठवलं.

साहेब मागच्या बाकावर बसले. मुख्याध्यापक दारात, घामाघूम. मी फुगा फुगवला, ऐटीत वर धरला, तोंड ताणलं आणि, फट्!

सराव अंगाशी आला होता. वर्ग हसायला लागला. साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

आता काय? ओठ तर आहेत! "फुगा गेला तरी हरकत नाही," मी गरजलो, "गळ्यात पट्ट्या थरथरतात तसे हे बघा ओठ." ओठ मिटून, पोटातून वारा सोडून मी एक लांबलचक 'फुर्रर्रर्र' काढलं. वर्ग इतका खूश झाला की दुसऱ्यांदा काढलं. तिसऱ्यांदा हात पसरून, नाटकातल्या राजासारखं.

शाळेला कुंपण नव्हतं. शेजारच्या तुटलेल्या उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. त्यांना पाण्यावर न्यायची हाक नेमकी हीच, हे मला कोण सांगणार?

पहिलं मेंढरू दारात आलं, मुख्याध्यापकांना ढुशी देऊन आत शिरलं. मग एक, मग दहा, मग मोजायला सवड कुणाला! एकानं साहेबांच्या वहीचा वास घेतला. मागून काठी आपटत धनगर तात्या.

"कुनी बोलवली रं माजी मेंढरं पान्याला?"

"सरांनी!" सगळा वर्ग एका सुरात. फितूर!

"तुमी व्हय, मास्तर? आन् पानी कुठं हाय?"

मी फुटका फुगा खिशात कोंबला. तेवढ्यात साहेबच उठले. "तात्या, हा आवाज काढता कसा?"

"कसा म्हंजी? ओठ सैल सोडायचं. मास्तरांचं ताठ हायत. शिकल्याली मानसं, सैल कशी सोडत्याल?"

साहेबांनी प्रयत्न केला. नुसती थुंकी उडाली. मेंढरांनी मान फिरवली.

"न्हाय जमायचं," तात्या म्हणाले. "हितं माज्या गळ्याला हात लावा पोरांनो. मी फुर्र करतो. गळा हलतोय?"

"न्हाय!"

"आता मी 'ओ' म्हनतो. हललं का?"

"व्हय!"

"मंग झालं. कुठंतरी काईतरी हललं पायजे, तवा आवाज. फुकटात काय न्हाय."

माझ्या तीन आठवड्यांच्या टिपणांचं सार त्या माणसानं काठीला टेकून सांगितलं होतं. मग त्यांनी एकच फुर्र काढलं, अलगद, आणि अख्खा कळप वळून त्यांच्यामागं चालता झाला. आठवीतली तीन पोरंही गेली.

साहेबांनी बराच वेळ लिहिलं. मुख्याध्यापकांनी लांबूनच वाचायला मान लांबवली, आणि मला वाटलं, उसाची बारी आली. वही हातात आली तेव्हा त्यात एवढंच होतं : 'पाठ परिणामकारक. उपस्थिती पटापेक्षा अधिक. शिक्षकास कायम करण्यास हरकत नाही, मात्र ओठ सैल सोडावेत.'